वरातीतला अनोळखी पाहुणा

लग्नाच्या वरातीत एक तरी माणूस असा असतो की, तो कोणाकडचा हे कोणालाच ठाऊक नसते. मुलीकडच्यांना वाटते मुलाकडचा असेल, मुलाकडच्यांना वाटते मुलीकडचा असेल. तो सर्वांच्या पुढे नाचतो, वरातीला रंग आणतो, आणि सकाळी पाहावे तो गृहस्थ नाहीसा! आमच्या भोर-वेल्ह्याच्या वरातींत असा एक पाहुणा मी लहानपणापासून ऐकत आलो. होय, ऐकतच आलो. कारण तो डोळ्यांना दिसत नसे. तो बँडवाल्यांच्या पितळी वाद्यातून यायचा. त्याचे नाव कळायला मला साठ वर्षे लागली. त्या पाहुण्याची आणि त्याच्या नावाची ही हकिगत.

गोष्ट १९५३ सालची. भोर संस्थान विलीन होऊन पाच वर्षे झाली होती. मी दहा वर्षांचा होतो. आमचे घर राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि आमच्या पलीकडच्या बोळात बँडमास्तर राहत. दिवसा ते शिवणयंत्रावर बसत आणि लग्नसराईत रात्री ट्रंपेट वाजवीत. वय असेल बावीस-तेवीस, पण सारे गाव त्यांना ‘मास्तर’च म्हणे. त्यांच्या बँडमध्ये नऊ माणसे : दोन क्लॅरिनेट, दोन ट्रंपेट, एक युफोनियम, मोठा ढोल, साइड ढोल, झांजा आणि खुळखुळा. खुळखुळेवाला मास्तरांचा मेहुणा होता. त्याला दुसरे काही येत नव्हते म्हणून खुळखुळा दिला होता, असे मास्तर त्याच्यादेखत सांगत.

त्या वर्षी जत्रेच्या दिवसांत तंबूतला सिनेमा आला आणि त्यात भगवानचा ‘अलबेला’ लागला. मुंबईत तो १९५१ सालीच झळकला होता. आमच्याकडे यायला त्याला वेळ लागला इतकेच. ‘शोला जो भडके’ सुरू झाले की तंबूत कोणी बसून राहत नसे. पैशांचा पाऊस पडे. भगवानसारखे खांदे उडवीत, एका जागी डुलत नाचायचे वेड साऱ्या तालुक्याला लागले. मास्तर मात्र नाचत नव्हते. त्या चित्रपटात एका गाण्यात पडद्यावर एक बँड येतो. झालरीच्या बाह्यांचे झगमगीत सदरे घातलेले वादक, आणि त्यांच्या पुढे ट्रंपेट घेतलेला एक सावळा गृहस्थ. मास्तरांनी तिकीट काढून तीन रात्री तो चित्रपट पाहिला. घरचे विचारू लागले, तेव्हा म्हणाले, “मी सिनेमा बघायला जात नाही. त्या माणसाची बोटं बघायला जातो.”

चौथ्या दिवशी त्यांनी आपल्या बँडच्या लाल कोटांच्या बाह्यांना झालरी लावायला घेतल्या. पहिल्याच वरातीत लोक पोट धरून हसले. एक म्हातारी म्हणाली, “मास्तर, बायकूची चोळी घालून आलासा का काय?” झालरी पुढच्या लग्नाला निघाल्या. चाल मात्र राहिली.

आता चाल बसवायची म्हणजे काय काम असते, ते सांगतो. मास्तरांना कागदावरचे विलायती सुरलेखन येत नव्हते. पेटीवरची सरगम तेवढी येत होती. ध्वनिमुद्रिका विकत घ्यायची ऐपत नव्हती. त्या काळात आकाशवाणीवर चित्रपटगीते जवळजवळ बंदच झाली होती. बाळकृष्ण केसकर हे आपले मराठी मंत्री नभोवाणी खात्यावर होते आणि त्यांना सिनेमाची गाणी मुळीच मानवत नसत. १९५७ साली ‘विविध भारती’ सुरू होईपर्यंत आम्हां लोकांचा आधार म्हणजे रेडिओ सिलोन. बाजारातल्या एका हॉटेलात बॅटरीवरचा रेडिओ होता. मास्तर एक कप चहा मागवून तासभर बसत. मी शेजारी शाळेची वही घेऊन. ‘शोला’ लागले की मास्तर डोळे मिटून पुटपुटत आणि मी भराभर सा रे ग म लिहीत जाई. जो सूर निसटला, तिथे फुली. पुढच्या वेळी पुन्हा तेच गाणे लागेपर्यंत ती फुली तशीच. एका गाण्याच्या फुल्या भरायला दोन-दोन महिने जात.

वहीच्या पानावर डोक्याशी मी गाण्याचे नाव लिहीत असे. खाली : गायक लता आणि चितळकर, संगीत सी. रामचंद्र. एकदा मास्तर म्हणाले, “त्याच्या खाली लिही, ट्रंपेट.”

“कोणाचं नाव लिहू?” मी विचारले.

“ते ठाऊक असतं तर तुला कशाला सांगितलं असतं? रेघ मार. नाव कळलं की भरू.”

मी रेघ मारली. ती रेघ साठ वर्षे रिकामी राहिली.

मे महिन्यातल्या वेल्ह्याच्या वराती मला अजून आठवतात. मार्गासनीच्या पुढे डोंगर जवळ येतात. एकीकडे राजगड, समोर तोरणा. डोक्यांवर बत्त्या घेतलेले लोक, पायांखाली फुफाटा. मास्तर ट्रंपेट वर करून ‘शोला’चा पहिला तुकडा फेकीत आणि थांबत. क्षणभराने डोंगर तोच तुकडा परत देई. पोरांना वाटे की, पलीकडे दुसरा बँड उभा आहे. मास्तरांनी त्या प्रतिध्वनीचा अंदाज बरोबर बसवला होता. डोंगराचे उत्तर येईपर्यंत ते ढोलालाही थांबवीत. “गाण्यात तो तसाच थांबतो,” ते सांगत, “आधी सवाल टाकतो, मग वाट बघतो.” आपल्या तमाशातल्या झीलकऱ्यासारखे काही तरी त्या माणसाच्या वाजवण्यात आहे, हे मास्तरांनी कानाने ओळखले होते. तो कोण, हे मात्र कोणी सांगू शकत नव्हते.

पुढे मी शिकलो, शिक्षक झालो, सेवानिवृत्तही झालो. २०१२ साली पुण्याला भाच्याकडे गेलो असता त्याच्या टेबलावर एक इंग्रजी पुस्तक पाहिले. नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’. मुंबईतल्या जॅझ संगीताचा तो इतिहास. सहज चाळू लागलो आणि एका ठिकाणी थबकलो. ‘अलबेला’! आणि त्याच्या शेजारी एक नाव, जे वाचून प्रथम मला हसूच आले : चिक चॉकलेट.

नाव गमतीचे, पण माणूस गमतीचा नव्हता. त्याचे खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ सालचा, गोव्यातल्या बारदेश तालुक्यातल्या हळदोणे गावचा. आई लाडाने ‘चिको’, म्हणजे छोट्या, अशी हाक मारी, त्याचे पुढे ‘चिक’ झाले, असे सांगतात. मुलाने यंत्रकाम शिकावे, चार पैसे मिळवावेत, अशी आईची इच्छा होती, असेही सांगतात. आपल्याकडे कुठली आई याहून निराळे म्हणते? पण गोव्यात त्या काळी एक सोय होती, जी आमच्या भोरला नव्हती. चर्चच्या शाळेत पोरांना व्हायोलिन आणि कागदावरचे सुरलेखन शिकवीत. चर्चमध्ये गाण्यासाठी वादक हवेत, हा त्यातला हेतू. पण त्यातून झाले असे की, पाच ओळींवरचे सूर सहज वाचणारी पोरे गावोगाव तयार झाली. पोर्तुगीज गोव्यात त्यांना काम नव्हते. मग ती बोटीत बसून मुंबईला येत, धोबी तलावाकडच्या आपापल्या गावाच्या ‘कूड’मध्ये पथारी टाकीत आणि काम शोधीत. मूक चित्रपटांच्या काळात पडद्यापुढे बसून वाजवायला, संस्थानिकांच्या आणि पलटणींच्या बँडांत, हॉटेलांत, क्लबांत, जहाजांवर, जिथे म्हणून विलायती वाद्य वाजे, तिथे गोव्याचा माणूस असे.

वाझ या पोराला वेड लागले ते ट्रंपेटचे. आणि ट्रंपेटमध्येही एका माणसाचे. तो माणूस म्हणजे अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा लुई आर्मस्ट्राँग. निग्रो वस्तीतल्या गरिबीत वाढलेल्या या पोराने ट्रंपेटला माणसाचा आवाज दिला. जॅझ म्हणजे काय, असे कोणी विचारले तर आपल्या भाषेत मी असे सांगेन : चाल ठरलेली, लय ठरलेली, पण तिच्यात वादकाने त्या क्षणी सुचेल ते भरायचे. आपला गवई ख्यालात उपज करतो तसे. फरक एवढाच की, आपल्याकडे गवई एकटा एका सुराच्या वाटेने जातो. तिकडे त्याच वेळी मागे दहा जण निरनिराळे सूर एकमेकांत मिसळून वाजवीत असतात, आणि ठेका जिथे पडेल असे वाटते तिथे न पडता किंचित अलीकडे-पलीकडे पडतो. म्हणूनच पाय स्वस्थ राहत नाहीत.

हे संगीत मुंबईला आणले ते अमेरिकन निग्रो वादकांनी. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबे नावाच्या व्हायोलिनवादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. तो इथेच रमला आणि १९४५ साली कलकत्त्याला वारला. मायदेशी कातडीच्या रंगावरून पावलोपावली अपमान सोसणारी ही माणसे ताजच्या दिवाणखान्यात मानाने वाजवीत होती. त्यांचे ऐकून, त्यांच्या शेजारी बसून गोव्याचे वादक तयार झाले. चिक त्यांच्यातला एक. आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून त्याने ते वादन आत्मसात केले. त्याच्यासारखाच घोगऱ्या आवाजात गाऊ लागला, हातात पांढरा रुमालसुद्धा त्याच्यासारखाच. लोक त्याला ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणू लागले. पुढे त्याने दहा-अकरा जणांचा स्वतःचा मेळ उभा केला. ‘चिक अँड द म्यूझिक मेकर्स’ या नावाने त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि ज्या ताजमध्ये अमेरिकन वाजवीत, तिथे हळदोण्याचा वाझ आपला बँड घेऊन उभा राहिला.

इथपर्यंतची गोष्ट साहेबी मुंबईची. ती वेल्ह्याच्या फुफाट्यात कशी उतरली?

त्याला दोन कारणे झाली. एक तर स्वातंत्र्यानंतर साहेबलोक गेले. त्यात १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि हॉटेलांतल्या रात्री फिक्या पडल्या. वादकांना पोटासाठी दुसरे दार शोधणे भाग पडले, आणि ते दार सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाचे होते. दुसरे कारण म्हणजे एक मराठी माणूस. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला हा गृहस्थ. पण कान मोठा मोकळा. १९४७ च्या ‘शहनाई’त त्याने ‘आना मेरी जान’ हे विलायती ढंगाचे गाणे देऊन जाणत्यांच्या कपाळाला आठ्या पाडल्या आणि अजाणत्यांना वेड लावले.

रामचंद्रांना चाल सुचे. पण त्या चालीला मागून उचलणारे दहा-वीस वाद्यांचे सूर कोणी कोणते वाजवायचे, हे कागदावर मांडणारा जाणकार हवा. ते काम गोव्याच्या वादकांचे. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. हा सहायक ती सुरलेखनात टिपून घेई, प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद तयार करी. क्लॅरिनेटने कुठे बोलायचे, ट्रंपेटने कुठे उत्तर द्यायचे, कुठे सर्वांनी मिळून उसळी घ्यायची, हे सारे त्या कागदावर असे. फ्रँक फर्नांड, सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस हे या कामातले मोठे कारागीर. यांतल्या गोन्साल्विस यांच्याकडे पुढे प्रसिद्ध झालेले प्यारेलाल शिकले, आणि त्या शिष्याने १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचे नावच गाण्यात गुंफले. कारागिराचे नाव लोकांच्या तोंडी आले, असे क्वचितच घडले.

चिक चॉकलेट हा सी. रामचंद्रांचा उजवा हात झाला. १९५० च्या ‘समाधी’तले ‘गोरे गोरे’ आणि १९५१ चा ‘अलबेला’ यांमागे त्याची करामत आहे. ‘अलबेला’तला त्याचा वाटा एवढा मोठा की, भगवानने त्याला त्याच्या मेळासह पडद्यावरच आणले. तोच तो झालरीच्या बाह्यांचा बँड! म्हणजे आमच्या मास्तरांनी तंबूत तीन रात्री ज्याची बोटे पाहिली, तो चिकच होता. मास्तरांनी गुरू पाहिला होता. नाव तेवढे माहीत नव्हते.

आणि कळणार तरी कसे? ध्वनिमुद्रिकेच्या गोल कागदावर चित्रपटाचे नाव असे, गायकाचे असे, संगीतकाराचे असे. ज्याने छाती फुगवून फुंक मारली, त्याला तिथे जागा नव्हती. रामचंद्र कृपण नव्हते. दस्तूरच तसा होता. चिकने स्वतः संगीतकार म्हणूनही नशीब अजमावले. १९५१ चा देव आनंद-मधुबालाचा ‘नादान’, १९५२ चा ‘रंगीली’, पुढे १९५६ च्या ‘कर भला’मध्ये निम्मा वाटा. त्यांवर त्याचे नाव आहे. पण ती गाणी आज कोणाच्या ओठांवर नाहीत. ज्या गाण्यांवर त्याचे नाव नाही, ती मात्र प्रत्येक वरातीत वाजतात. दैवाची ही थट्टा पाहून माणसाने हसावे की रडावे?

दिवसा स्टुडिओ, रात्री हॉटेल, असे चिकचे आयुष्य गेले. १९६७ च्या मे महिन्यात तो वारला. वय पन्नास-एक्कावन्न. तोवर मुंबईच्या हॉटेलांत विजेच्या गिटारी आल्या होत्या आणि मोठ्या बँडांचे दिवस सरत चालले होते.

पुस्तक भाच्याकडून मागून घेतले आणि दुसऱ्या दिवशी नसरापूर, कापूरहोळ करीत भोरला परतलो. घरी न जाता थेट पलीकडच्या बोळात गेलो. मास्तर ऐंशीच्या पुढे गेले होते. बँड केव्हाच बंद पडला होता. लोक समजतात की ट्रंपेट छातीने वाजवतात. छातीचे काम आहेच, पण खरे काम ओठांचे, आणि ओठांना मागून टेका देतात ते पुढचे दात. मास्तरांचे पुढचे दोन दात अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले आणि त्या दिवशी त्यांचे वाजवणे संपले. कवळी लावून प्रयत्न केला, पण सूर फाटू लागला. मग ट्रंपेट फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेले आणि मास्तर उरलेले आयुष्य शिवणयंत्रावर बसले. स्वातंत्र्यदिनाला राजवाड्याजवळून शाळेच्या मुलांचा बँड सी. रामचंद्रांचेच ‘ऐ मेरे वतन के लोगो’ वाजवीत जाई, तेव्हा ते यंत्र थांबवीत, एवढेच.

मी वही नेली होती. होय, ती वही अजून माझ्याजवळ आहे. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत. ते पान उघडून त्यांच्यापुढे धरले आणि म्हणालो, “मास्तर, रेघ भरायची आहे. नाव सापडलं.”

मी सगळी हकिगत सांगितली. हळदोणे, आईने दिलेले नाव, आर्मस्ट्राँग, ताजमहाल हॉटेल, झालरीचे सदरे. ते मान खाली घालून ऐकत होते. सदऱ्यांपाशी किंचित हसले.

“म्हणजे झालरी बरोबर होत्या,” ते म्हणाले. “भोरच्या लोकांनाच कळल्या नाहीत.”

मग जरा थांबून विचारले, “कागदावर लिहून वाजवायचा म्हणता?”

“हो. प्रत्येकाला वेगळा कागद.”

“मग मी चार ठिकाणी चुकलो असणार. त्या फुल्या मी अंदाजानं भरल्या होत्या, गुरुजी. त्याच्या कागदावर दुसरंच काही असेल.”

मी म्हणालो, “वेल्ह्याच्या डोंगराला तरी कुठं चूक सापडली?”

त्यावर ते काही बोलले नाहीत. माझ्या हातातला पेन घेतला. हात थरथरत होता. पण रेघेवर एकेक अक्षर नीट काढले : चिक चॉकलेट. शाई वाळेपर्यंत पान हातात धरून बसले. मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला.

“गेला तेव्हा वय काय होतं म्हणालात?”

“पन्नास-एक्कावन्न.”

मास्तरांनी आपल्या मोकळ्या हिरड्यांवरून जीभ फिरवली.

“फार लवकर गेला,” ते म्हणाले. “पण वाजवता वाजवता गेला, गुरुजी. दात शाबूत होते त्याचे.”